किरकोळ खलनायकांचं खातं

माणसाला नाव असतं, ही गोष्ट बँकेत वीस वर्षं काढल्यावर हळूहळू विसरायला होते. काउंटरच्या पलीकडे जो उभा असतो त्याला खातेक्रमांक असतो आणि अलीकडे जो बसलेला असतो त्याला काउंटरचा क्रमांक असतो. माझा क्रमांक चार. ‘चार नंबरला विचारा’, ‘चार नंबर जेवायला गेलेत’, ‘चार नंबर जरा तिरसटच आहे, नाही?’ ही वाक्यं मी स्वतःच्या कानांनी ऐकलेली आहेत. शेवटचं तर काउंटरखाली पडलेलं पेनाचं टोपण शोधताना, म्हणजे अगदी ओणवा असताना ऐकलं. अशा वेळी माणसानं वर यावं की खालीच राहावं, याबद्दल बँकेच्या नियमावलीत काही लिहिलेलं नाही. मी खालीच राहिलो.

हे सगळं आठवायचं कारण म्हणजे एक पुस्तक, आणि ते पुस्तक वाचायचं कारण म्हणजे आमच्या न्हाणीघरातली फरशी. तिच्यावरून घसरून मी पाय मोडून घेतला. डॉक्टरांनी प्लास्टर घातलं आणि सहा आठवडे हलायचं नाही म्हणून सांगितलं. सौ.नं टीव्हीचा रिमोट माझ्या हाती लागणार नाही अशा जागी ठेवला. तेव्हा चिरंजीवांना माझी दया आली आणि त्यांनी तीन जाडजूड ग्रंथ आणून उशाशी ठेवले. जाडी बघून मला आधी वाटलं, जुनी लेजरंच आणली की काय! पण निघाली ती टॉल्किनसाहेबांची ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’. १९५४ आणि ५५ साली तीन भागांत छापलेली. ‘‘वाचा बाबा,’’ चिरंजीव म्हणाले, ‘‘नाही तरी तुम्ही कुठे जाणार?’’ या वाक्यात पितृभक्ती किती आणि वस्तुस्थिती किती, याचा हिशेब मी काढला नाही.

ज्यांनी पुस्तक वाचलेलं नाही त्यांच्यासाठी सारांश. सॉरॉन नावाचा एक महादुष्ट आहे. त्याची एक अंगठी हरवली आहे. ती बोटात घातली की माणूस दिसेनासा होतो, आणि पुढे पुढे माणूस म्हणून उरतही नाही. ही अंगठी फ्रोडो नावाच्या एका बुटक्या, अनवाणी, खाण्यापिण्याची आवड असलेल्या गृहस्थाकडे येते आणि ती नेऊन ज्वालामुखीत टाकायचं काम त्याच्या गळ्यात पडतं. हजारभर पानं तो चालतो. झालं. बाकी मध्ये राजे आहेत, जादूगार आहेत, लढाया आहेत. पण मी वाणिज्य शाखेचा पदवीधर. मोठ्या रकमांकडे माझं लक्षच जात नाही. त्या बघायला ऑडिटर असतो. खरी गंमत, आणि खरा घोटाळाही, नेहमी किरकोळ खर्चाच्या रकान्यात असतो. त्यामुळे राजेमहाराजांना ओलांडून माझी नजर पडली ती किरकोळ खलनायकांवर.

ही माझी खोड लहानपणापासूनची. महाभारताच्या कीर्तनात सगळे दुर्योधनावर दात खायचे. मला मात्र पुरोचनाचं काय झालं याची काळजी. हा पुरोचन म्हणजे ज्यानं वरून आलेल्या हुकमाप्रमाणे लाक्षागृह बांधलं आणि शेवटी त्यातच जळून गेला, तो. पांडव भुयारातून सुखरूप बाहेर, दुर्योधन हस्तिनापुरात सुखरूप, आणि कंत्राटदार भाजला! त्याच्यासाठी कुणी हळहळलं नाही. थोर दुष्टांवर महाकाव्यं होतात. किरकोळ दुष्टांना नाव मिळालं तरी पुष्कळ.

टॉल्किनसाहेबांनी मात्र या मंडळींना नावं दिली, आणि ती उगाच तोंडाला येईल ती नव्हेत. गृहस्थ पेशानं ऑक्सफर्डला जुन्या इंग्रजीचे प्राध्यापक. पहिल्या महायुद्धानंतर, १९१९-२० मध्ये, ऑक्सफर्डच्या थोरल्या शब्दकोशाच्या कचेरीत नोकरीला होते. तिथे त्यांच्या वाट्याला ‘डब्ल्यू’ अक्षराचे शब्द आले होते. ‘वॉस्प’ म्हणजे गांधीलमाशी, ‘वॉलरस’ म्हणजे तो मिशाळ पाणघोड्यासारखा प्राणी, असल्या शब्दांची कुळं काढत ते बसायचे. म्हणजे एका अर्थी कारकूनच! आणि आणखी एक गोष्ट वाचल्यावर तर मला हा माणूस घरचाच वाटायला लागला. त्यांचे वडील आर्थर टॉल्किन बँकेत होते. बर्मिंगहॅमहून बढतीवर दक्षिण आफ्रिकेत ब्लूमफाँटेनला शाखाप्रमुख म्हणून गेले. तिथेच १८९२ साली जानेवारीत आपले ग्रंथकार जन्मले. पोर तीन वर्षांचं असताना आई त्याला आणि धाकट्या भावाला घेऊन इंग्लंडला आली. वडील कामामुळे मागे राहिले. रजा मिळाली की येणार होते. १८९६ मध्ये तापानं ते तिथेच वारले. या मुलाला वडिलांची जी पुसट आठवण उरली ती अशी, की वडील घरच्या ट्रंकेच्या झाकणावर रंगानं आपलं नाव लिहिताहेत: ए. आर. टॉल्किन. ती ट्रंक त्यानं पुढे जन्मभर जपून ठेवली.

हे वाक्य वाचून मी पुस्तक मिटलं आणि थोडा वेळ प्लास्टरकडे बघत बसलो. आपली पोरं आपलं काय आठवतील? बहुतेक पासवर्ड.

असो. नावांकडे वळू.

पहिली नोंद १९३७ सालची. ‘हॉबिट’ हे त्यांचं मुलांसाठी लिहिलेलं पुस्तक. त्यात तीन नरभक्षक राक्षस शेकोटीभोवती बसून रोज रोज मटणच काय खायचं म्हणून कुरकुरताहेत. त्यांची नावं काय असतील? बकासुर? घटोत्कच? छे. बर्ट, टॉम आणि बिल! बिलला तर आडनावसुद्धा आहे. विल्यम हगिन्स. आपल्याकडे हे म्हणजे बंडू, बाळू आणि विनायक पेंडसे अशा नावांचे तीन राक्षस सह्याद्रीत बसलेले आढळावेत, तसं झालं. पण मुलांच्या भीतीचं शास्त्र लेखकाला नेमकं कळलेलं आहे. मूल बकासुराला भीत नाही, तो त्याच्या ओळखीचा नसतो. मूल भितं ते कोपऱ्यावरच्या बिलला.

आणि असा कोपऱ्यावरचा बिल टॉल्किनना खरोखर भेटला होता. चार ते आठ या वयात ते बर्मिंगहॅमच्या बाहेर सेअरहोल नावाच्या खेड्यात राहत. तिथे पाणचक्कीची एक गिरणी होती. तिच्यात त्या काळी खतासाठी हाडं दळत. गिरणीवाल्याचा तरणा मुलगा अंगभर पांढरी पूड माखून बाहेर यायचा आणि डोकावणाऱ्या या दोन भावंडांच्या अंगावर ओरडायचा. पोरांनी त्याचं नाव ठेवलं ‘पांढरा राक्षस’. जवळच एक शेतकरी होता. यांनी त्याच्या रानातली अळंबी खुडली म्हणून तो यांच्यामागे धावला होता. तो झाला ‘काळा राक्षस’. पन्नास वर्षांनंतर ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’मध्ये टेड सँडीमन नावाचा एक गिरणीवाला आला. पुढच्या आवृत्तीच्या प्रस्तावनेत लेखकानं अगदी साळसूदपणे कबुली दिली, की लहानपणच्या त्या तरुण गिरणीवाल्याची मुद्रा मला कधीच आवडली नव्हती. मात्र त्याचं नाव सँडीमन नव्हतं. म्हणजे राग पन्नास वर्षं चक्रवाढ व्याजानं साठवायचा, पण खातेदाराचं नाव उघड करायचं नाही. वडिलांचं बँकेतलं रक्त, दुसरं काय!

या टेडचा अपराध तरी काय? कथेत गावगुंड येतात, जुनी गिरणी पाडतात आणि चाकांनी भरलेली मोठी, धूर ओकणारी गिरणी उभी करतात. टेड त्यांच्यावर खूश. जिथे त्याचा बाप मालक होता तिथे हा दुसऱ्यांची चाकं पुसायच्या कामावर राहतो, आणि वर छाती काढून फिरतो! मी हा भाग वाचला आणि आमच्याकडे नवी संगणकप्रणाली आली तेव्हा पेढे कुणी वाटले होते, हे मला एकदम आठवलं. मीच वाटले होते.

दुसरी नोंद नातेवाइकांची. फ्रोडोचं घराणं बॅगिन्स. त्यांच्या घराचं नाव ‘बॅग एंड’. हे नाव टॉल्किन यांच्या एका मावशीच्या वुस्टरशायरमधल्या शेतघराचं. आणि या घरावर डोळा ठेवून बसलेले नातेवाईक कोण? सॅकव्हिल-बॅगिन्स. ‘बॅग’ म्हणजे पिशवी आणि ‘सॅक’ म्हणजेही पिशवीच. फक्त सॅकव्हिल हे आडनाव इंग्रजांच्या कानाला जरा खानदानी लागतं. म्हणजे साध्या पिशवीकरांपेक्षा हे ‘सरदार थैलीकर-पिशवीकर’. दोन आडनावांमधली ती आडवी रेघ बघितलीत? सगळा तोरा त्या रेघेत आहे. या घरातली लोबेलिया म्हणजे चांदीच्या चमच्यांवर प्रेम करणारी बाई. ‘हॉबिट’च्या शेवटी घरधनी बिल्बो प्रवासाहून परततो तर त्याच्या वस्तूंचा लिलाव चाललेला, आणि चमचे बेपत्ता! संशय अर्थातच थैलीकरांवर. पुढे घर सोडताना तो लोबेलियाला निरोपाची भेट देतो. काय देतो? चमच्यांची पेटी. ‘उरलेलेही घेऊन जा’ हे इतक्या सभ्यपणे फक्त नातेवाईकच सांगू शकतो. आमच्याकडे तांब्याच्या बंबावरून दोन काकवांचं तीस वर्षं बोलणं नव्हतं, त्यामुळे हा प्रसंग मला समजावून सांगायची गरज पडली नाही.

पण किरकोळ दुष्टांचं खातं एकदम बंद करू नये, हे मी लोबेलियाकडून शिकलो. तिचा मुलगा लोथो पैशाच्या जोरावर सगळा गाव विकत घेतो, गुंड बोलावतो आणि शेवटी त्यांच्याच कैदेत पडतो. म्हातारी लोबेलिया त्या गुंडांच्या अंगावर एकटी धावून जाते. हातात काय, तर छत्री! तिला तुरुंगात टाकतात. सुटून बाहेर येते तेव्हा गाव टाळ्या वाजवतो. आयुष्यात पहिल्यांदा लोकांना ती आवडलेली असते. नंतर ती ते घर फ्रोडोला परत देऊन टाकते आणि मरताना आपला पैसा बेघर झालेल्या लोकांसाठी ठेवून जाते. चमचे परत केले की नाही, याची नोंद मला सापडली नाही.

तिसरी नोंद बिल फर्नीची, आणि ही शुद्ध हिशेबाची आहे. ब्री नावाच्या गावात माणसांची आडनावं झाडपाल्यावरून असतात. फर्न म्हणजे नेचं. तेव्हा हा आपला ‘नेचेकर’. हेरगिरी करणं आणि मरतुकडी तट्टं विकणं हा याचा धंदा. खाणावळवाला बटरबर त्याच्याकडून एक तट्टू घेतो. दाम चांदीची बारा नाणी, म्हणजे खऱ्या किमतीच्या निदान तिप्पट. शिवाय पाहुण्यांची तट्टं आपल्या तबेल्यातून पळवली गेली म्हणून बटरबर अठरा नाण्यांची भरपाई देतो. एकूण खर्च तीस. पण पुढे ती पळालेली पाचही तट्टं सापडून बटरबरकडेच येतात, म्हणजे अठरा नाण्यांत पाच उमदी जनावरं. एवढ्या मोठ्या युद्धकथेत लेखक थांबून एका खाणावळवाल्याचा ताळेबंद जुळवतो, हे बघून मला भरून आलं. आणि ते बारा नाण्यांचं तट्टू? फ्रोडोचा सोबती सॅम त्याला ‘बिल’ म्हणूनच हाक मारतो. पुस्तकभर बिल म्हटलं की वाचकाला ते गुणी जनावर आठवतं. माणूस बिल पार मागे पडतो. शेवटी त्याच तट्टाची लाथ खाऊन तो अंधारात पळतो आणि पुन्हा कुणाला दिसत नाही. एका नावाची दोन खाती होती. जनावराच्या खात्यात शिल्लक निघाली.

आता जरा वरच्या श्रेणीतला अधिकारी. एका म्हाताऱ्या राजाचा सल्लागार, कानाशी लागून लागून त्याला पांगळा करून ठेवणारा. नाव ग्रीमा. जुन्या इंग्रजीत याचा अर्थ मुखवटा. त्याच्या बापाचं नाव गालमोद, म्हणजे लंपट. आता मला सांगा, जन्मलेल्या पोराला ‘लंपट’ म्हणणारे ते आजोबा कोण? आणि त्या लंपटानं आपल्या मुलाचं नाव बारशाला मुखवटा ठेवलं, तेव्हा आत्याबाई काय करत होत्या? पण आपण कुठल्या तोंडानं बोलणार? धृतराष्ट्रानं मुलाचं नाव दुःशासन ठेवलंच होतं. लोक या ग्रीमाला ‘वर्मटंग’ म्हणतात. सर्पजिव्ह. हेसुद्धा पोकळ नाही. आइसलँडच्या जुन्या कथांमध्ये गुन्लौग नावाचा एक कवी आहे, त्याचं टोपणनाव याच अर्थाचं. तिथे ते धारदार जिभेबद्दलचं होतं. टॉल्किननी ते कवीकडून काढलं आणि कानभरणाऱ्याला दिलं.

पण या नावाचं पुढे जे होतं त्यानं मी अस्वस्थ झालो. राजवाड्यातून हाकलल्यावर ग्रीमा सारुमान या जादूगाराच्या आश्रयाला जातो. (सारुमानच्या नावात जुन्या इंग्रजीतला ‘सेआरू’ शब्द आहे, म्हणजे चलाखी, हिकमत.) तिथे त्याचं ग्रीमा हे नाव जातं, ‘सर्पजिव्ह’मधली जीभही जाते. मालक त्याला नुसता ‘वर्म’ म्हणून हाक मारतो. किडा. नाव असं झिजत झिजत एका अक्षरावर येतं. शेवटी फ्रोडो त्याला सांगतो, तू याच्यामागे गेलं पाहिजेस असं नाही, इथे राहा, चार घास खा. तो क्षणभर थांबतो. तेवढ्यात मालक त्याची सगळी पापं चारचौघांत बोलून दाखवतो आणि तोंडावर लाथ मारतो, आणि हा किडा सुरीनं मालकाचा गळा चिरतो. जन्मभर दुष्टपणा केलेल्या या माणसाला वाचवायला चार घास आणि एक नाव पुरलं असतं, असं मला उगाच वाटून गेलं.

या नावांचा लेखकाला किती अभिमान! पुस्तकाचं डच आणि स्वीडिश भाषांतर करणाऱ्यांनी नावांत हवी तशी ढवळाढवळ केली, तेव्हा टॉल्किननी भाषांतरकारांसाठी नावांची एक सविस्तर टिपणवहीच लिहून काढली. ती त्यांच्या मृत्यूनंतर, १९७५ मध्ये छापली गेली. कुठलं नाव तसंच ठेवायचं, कुठल्याचा अर्थ उतरवायचा, सगळं वर्णानुक्रमे. त्यात शेलॉब या राक्षसी कोळ्याच्या नावाचा उलगडा आहे. ऐकायला नाव भयंकर परकं वाटतं, पण आहे साधं इंग्रजीच: ‘शी’ म्हणजे ती आणि ‘लॉब’ हा बोलीतला शब्द, कोळी. स्वीडिश भाषांतरकारानं तिला नुसती ‘राक्षसीण’ केली म्हणून साहेब नाराज झाले होते. स्वतः टॉल्किनना लहानपणी ब्लूमफाँटेनला एक मोठा कोळी चावला होता आणि दाईनं विष चोखून काढलं होतं. पण म्हणून कोळ्यांबद्दल आपला काही आकस नाही, असं ते म्हणत. या नियमानं मराठीत मात्र पंचाईत आहे. अर्थ धरून शेलॉबचं भाषांतर केलं तर होणार ‘कोळीण’. काळ्याकुट्ट गुहेत फ्रोडो पाऊल टाकतो, अंधारात दोन डोळे चमकतात आणि समोर... कोळीण! मराठी वाचकाच्या अंगावर काटा येण्याऐवजी तोंडाला पाणी सुटेल आणि तो पापलेटाचा भाव विचारेल.

नाव काल्पनिक असलं तरी त्याचा मालक कधी दारात उभा राहील सांगता येत नाही, याचा अनुभव त्यांना १९५६ साली आला. खऱ्याखुऱ्या सॅम गॅमजी नावाच्या एका गृहस्थाचं पत्र आलं. पुस्तकात माझं नाव आहे म्हणतात, हे कसं? टॉल्किननी आदबशीर उत्तर पाठवलं, पण मनात धास्ती बसली, की उद्या एखादं पत्र ‘एस. गॉलम’ अशा सहीनं येऊ नये म्हणजे मिळवली! गॉलम म्हणजे त्या अंगठीपायी माणसाचा भूतपिशाच झालेला जीव.

आता शेवटची पायरी. खालची म्हणावी की वरची, ते तुम्ही ठरवा. सॉरॉनच्या फौजेतले ऑर्क. ‘ऑर्क’ हा जुन्या इंग्रजीतला राक्षसवाचक शब्द. यांतले शाग्रात आणि गोरबाग हे दोन नायक एका रात्री पहाऱ्यावर बोलत चाललेले असतात आणि सॅम ते चोरून ऐकतो. बोलतात काय? वरचे लोक चुका करतात आणि निस्तरायला आपण. एकदा ही लढाई संपली की आपले विश्वासातले चार लोक घेऊन कुठेतरी निघून जाऊ, जिथे डोक्यावर साहेब नाही अशा जागी. अहो, हे संभाषण मी आमच्या शाखेत दर मार्चअखेर ऐकतो! टॉल्किन स्वतः १९१६ साली सॉमच्या लढाईत खंदकात होते. ही कुरकुर त्यांनी तिथेच ऐकली असावी, असं मला वाटतं. पुढच्या महायुद्धात, १९४४ साली, विमानदलात असलेल्या मुलाला त्यांनी लिहिलं होतं, की खऱ्या आयुष्यात ऑर्क दोन्ही बाजूंना असतात. त्या दोघा नायकांचं निवृत्त होणं मात्र राहून गेलं. कैद्याच्या अंगावरच्या एका मौल्यवान चिलखतावरून दोघांच्या टोळ्या एकमेकींना कापून मोकळ्या झाल्या. त्यांच्या हाताखाली एक ‘स्नागा’ आहे. हे नाव म्हणायचं, पण त्या काळ्या भाषेत त्याचा अर्थ नुसता ‘गुलाम’. आणखी खाली गेलं की तेही नाही. दोन ऑर्क भांडतात तेव्हा एक दुसऱ्याला धमकी देतो: तुझं नाव आणि नंबर वर कळवीन!

नंबर.

आणि मग येतो तो दूत. युद्धाच्या शेवटी काळ्या दरवाजाशी सॉरॉनच्या वतीनं बोलायला एक उंच घोडेस्वार बाहेर येतो. हा ऑर्क नव्हे, चांगला कुलीन माणूस. सॉरॉनच्या गडाचा मुख्य अधिकारी. मोठ्या घराण्यातला, हुशार, पुढे बढतीवर एका आख्ख्या प्रांताचा कारभार मिळायची आशा असलेला. त्याचं नाव कुठल्याच कथेत नाही, कारण ते त्याचं त्यालाच आठवत नाही. तो फक्त सांगतो की मी सॉरॉनचं तोंड आहे. आणि समोरच्यानं नुसतं रोखून बघितलं तर लगेच कचरतो: मी दूत आहे, मला हात लावायचा नाही. सबंध पुस्तकात हजारो मरतात, पण सगळ्यांत वाईट मला याच्याबद्दल वाटलं. सॉरॉनच्या नावाचा अर्थ लेखकाच्या एका भाषेत ‘घृणास्पद’ असा आहे म्हणे. असेल. पण नाव आहे तरी.

प्लास्टर निघालं, मी कामावर रुजू झालो आणि चौथ्या की पाचव्या दिवशी आजी आल्या. पंच्याहत्तरीच्या पुढे वय, हातात कापडी पिशवी. त्यांना मी ओळखत होतो. माझा पाय मोडण्याआधी त्या तीनदा येऊन गेल्या होत्या आणि तिन्ही वेळा मीच त्यांना परत पाठवलं होतं. प्रकरण असं. माहेरची जुनी ट्रंक उघडल्यावर तळाशी त्यांना मुदत ठेवीची एक पावती सापडली. वडिलांनी १९७१ साली लेकीच्या नावानं पाचशे रुपये ठेवलेले, आणि सांगायच्या आधीच गेलेले. पावतीवरचं नाव द्वारका. आजींच्या बाकी सगळ्या कागदांवर नाव सुमती. दहा वर्षं कुणी विचारलं नाही की असे पैसे रिझर्व्ह बँकेच्या ठेवीदारांच्या निधीत जातात. पण नाव सिद्ध झालं तर परत मिळतात. अडचण तीच होती. द्वारका म्हणजे तुम्हीच, याला पुरावा काय? तिन्ही वेळा मी एकच वाक्य बोललो होतो: ‘‘आजी, सिस्टीम घेत नाही. माझ्या हातात काय आहे?’’

या खेपेलाही वाक्य जिभेवर आलंच. पण बाहेर पडायच्या आत मला तो काळ्या दरवाजाशी उभा असलेला घोडेस्वार दिसला, आणि त्याला चष्मा होता.

मी चार नंबरवर ‘बंद’ची पाटी लावली आणि डबा बाजूला ठेवून आजींना आत बाकावर बसवलं. ‘‘नाव कधी बदललं, आजी?’’

‘‘लग्नात. ह्यांनी ताटातल्या तांदळांवर अंगठीनं ‘सुमती’ लिहिलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मला कुणी विचारलं नव्हतं.’’ मग थोडं थांबून म्हणाल्या, ‘‘पावती बघितली तेव्हा मलाच क्षणभर कळेना, ही द्वारका कोण! त्या नावानं हाक मारणारं आता कुणी उरलेलं नाही हो.’’

अंगठीनं माणूस दिसेनासा होतो, हे वाचायला मला हजार पानं आणि एक मोडका पाय लागला होता.

मग कारकुनी सुरू केली. शाळेचा दाखला आहे? आहे, द्वारका नावाचा. लग्नाची नोंदणी? तेव्हा कोण करतंय! लग्नपत्रिका? ती त्याच ट्रंकेत निघाली. पिवळी पडलेली, कोपऱ्यावर कुंकू, आणि मधोमध ठळक अक्षरांत ‘चि. सौ. कां. द्वारका’, शेजारी नवरदेवाचं नाव. दाखला, पत्रिका आणि नोटरीपुढचं प्रतिज्ञापत्र असा पुडका करून मी साहेबांपुढे ठेवला. साहेबांनी दोनदा चष्मा पुसला आणि सही केली. सिस्टीमनं घेतलं. तिला काही म्हणायचंच नव्हतं. तिच्या वतीनं इतके दिवस मीच बोलत होतो. व्याजासह रक्कम किती झाली ते सांगत नाही. खातेदाराची गुप्तता.

पैसे जमा झाल्याची नोंद घेऊन आजी निघाल्या आणि दारातून परत फिरून काउंटरशी आल्या. ‘‘तुमचं नाव काय हो?’’

इतक्या वर्षांत या जागेवर हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. आपलं स्वतःचं नाव सांगायला शहाण्या माणसाला किती वेळ लागावा? मला जरा लागला. सांगितलं. त्यांनी पिशवीतून पेन काढलं आणि पासबुकाच्या मागच्या पानावर माझं नाव आडनावासकट, काना-मात्रा बघून लिहून घेतलं.

मी भारावून म्हणालो, ‘‘अहो, आभार वगैरे कशाला, आजी!’’

‘‘आभार नाही हो,’’ पासबुक पिशवीत टाकत त्या म्हणाल्या, ‘‘पुढच्या खेपेला काम अडलं तर शिव्या कुणाला द्यायच्या, ते माहीत असावं म्हणून!’’